ओल्या कचऱ्यातलं पाकीट

मुलाचे मित्र घरी आले होते. नववीतली मुलं, खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून घामेघूम झालेली, त्यामुळे आल्या आल्या फ्रीजचं दार आणि खाऊचा कप्पा दोन्ही एकदमच उघडले गेले. मी ओट्याशी कणीक मळत होते. मुलाने कप्प्यातून बटाटा वेफर्सचं मोठं पाकीट काढलं, दातांनी फोडलं, स्टीलच्या मोठ्या बाऊलमध्ये ओतलं, वर थोडा चाट मसाला भुरभुरवला आणि बाहेर नेलं. मग हसण्याखिदळण्याचे आवाज, कुणाच्या तरी मोबाइलवर लावलेली मॅच, आणि बघता बघता बाऊल रिकामा. सगळं नेहमीसारखं. रात्री कचरा बाहेर ठेवताना मात्र भाजीच्या सालींखाली, चहाच्या चोथ्याच्याही खाली, काहीतरी चकाकलं. तेच पाकीट. घडीवर घडी घालून मुठीएवढं केलेलं आणि ओल्या कचऱ्यात खोल खुपसलेलं. आमच्याकडे ओला-सुका वेगळा ठेवायची सवय मुलांना बालवाडीपासून आहे. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा ओल्यात गेला तर हाच मुलगा आजीला टोकतो. पण सुक्या कचऱ्याची पिशवी बाल्कनीत असते आणि बाल्कनीत जायचं तर हॉलमधून, मित्रांच्या समोरून जावं लागतं. ते पाकीट हातात घेऊन त्याला हॉल ओलांडायचा नव्हता.

पाकीट सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचं होतं.

मी ते धुतलं, पुसलं, सुक्यात टाकलं आणि कुणाला काही बोलले नाही. पण पुढे कितीतरी दिवस पोळ्या लाटताना, लोकलमध्ये उभी असताना ते मुठीएवढं पाकीट डोळ्यांपुढे येत राहिलं. त्याने लपवलं याचा राग नव्हता. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या घरातली एखादी वस्तू लपवावीशी वाटते, म्हणजे त्या वस्तूच्या आडून तो आणखी काहीतरी लपवत असणार, आणि ते काय असेल याचा अंदाज मला येत होता. तो अंदाज पोटात कुठेतरी टोचत होता.

ही पाकिटं आमच्याकडे आली ती घराच्या कर्जाच्या हप्त्यामुळे. ठाण्यात घोडबंदर रोडवर नव्या टॉवरमध्ये घर घेतलेल्या माणसाला रिझर्व्ह बँकेची बैठक कधी आहे हे सणवारांसारखं पाठ असतं. २०२२च्या मे महिन्याच्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा ज्याच्या मागोमाग घरकर्जाचं व्याज हलतं तो दर, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा आमच्या लिफ्टमध्ये लोक हवापाण्याऐवजी त्याच्याबद्दलच बोलत. बँकेने हप्ता तोच ठेवून वर्षं वाढवली. नवऱ्याने कागदावर आकडेमोड केली तर कर्ज त्याच्या निवृत्तीच्याही पुढे जात होतं. मग आम्हीच हप्ता वाढवून घेतला. पुढे २०२५ मध्ये दर उतरू लागले तरी तो वाढवलेला हप्ता तसाच ठेवला, लवकर मोकळं व्हायचं म्हणून. त्याच वर्षांत मुलाचे क्लास सुरू झाले, मुलीची फी वाढली, सासूबाईंच्या गुडघ्याचं दुखणं निघालं. मी हिशोबाची वही लिहिते. आई लिहायची म्हणून मीही लिहिते, लाल पुठ्ठ्याची, आडवी. त्या वहीत तेल, डाळ, दूध, भाजी यांच्या रकान्यांत फारसं काही हलवता येत नाही. हलवता येतो तो एकच रकाना, खाऊचा. बिस्किटं, वेफर्स, फरसाण, खारी, शेव, मुलांच्या छोट्या सुट्टीच्या डब्यातलं काहीबाही, चहाबरोबर सगळ्यांना लागणारं काहीतरी. हे सगळं किरकोळ म्हणून आणलं जातं आणि महिनाअखेरीला त्याची बेरीज भाजीच्या बेरजेला येऊन भिडते.

तर महिन्याचं सामान भरायला आम्ही रविवारी गेलो. मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत, पार्किंगसाठी ताटकळत. आत तीच गर्दी, एकमेकांना घासणाऱ्या ट्रॉल्या, कुणाचं तरी पोर ट्रॉलीत बसून चॉकलेटकडे हात करणारं. खाऊच्या रांगेत नावाजलेल्या पाकिटाच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून, दुकानाचं स्वतःचं पाकीट उभं असतं. रंगही साधारण तोच, मसाला फ्लेवर असेल तर निळा, टोमॅटो असेल तर लाल. किंमत कमी. ही गोष्ट काही नवीन नाही. बिग बझार होतं तेव्हा त्यांचं 'टेस्टी ट्रीट' होतं, रिलायन्सचं 'स्नॅकटॅक' आहे, बिगबास्केटवर 'टेस्टीज' आहे. डाळ-तांदूळ तर दुकानाच्या पाकिटातले आपण सगळेच केव्हापासून घेतो आहोत. तूरडाळीला तिचं नाव कुणी विचारत नाही. फिनेल, कचऱ्याच्या पिशव्या, कपड्यांचे चिमटे, यांनाही कुणी विचारत नाही. पण डाळ डब्यात जाते, कुकरमध्ये जाते आणि ताटात येते तेव्हा ती आपल्या घरची झालेली असते. वेफर्सचं तसं होत नाही. ते पाकिटासकट सोफ्यावर येतात, हातातून हातात जातात, शाळेच्या बाकावर उघडले जातात. त्यांची चव जितकी खाल्ली जाते तितकंच त्यांचं नाव बघितलं जातं.

मी पाकीट उलटं करून वाचणारी आहे. चष्मा डोक्यावरून खाली ओढून त्या रांगेत मी बराच वेळ उभी राहिले. समोर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव, मागे बारीक अक्षरात दोन पत्ते. एक बनवणाऱ्याचा, दुसरा विकणाऱ्याचा. दुकान स्वतः काही तळत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यात ते दुकानासाठी तळलं जातं, आणि असे कारखाने एकाहून जास्त दुकानांसाठी माल काढतात. स्वस्ताईचं कारणही तिथेच आहे. टीव्हीवर नट नाचवायचे नाहीत, मधे वितरक नाही, फळीवर जागा मिळावी म्हणून कुणाला काही द्यायचं नाही, कारण फळी स्वतःचीच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली की पाकिटात खरं काय आहे ते कळतं. भुजियात पहिलं नाव मटकीचं आहे की पामोलीनचं, चकलीत भाजणी आहे की नुसतं तांदळाचं पीठ, 'मल्टिग्रेन' बिस्किटात पहिला नंबर मैद्याचाच का, हे सगळं त्या तीन नावांत. नावाजलेल्या पाकिटावरही बहुतेक वेळा तीच तीन नावं त्याच क्रमाने दिसली. तेलाच्या बाबतीत एक बरं झालं आहे, २०२२ पासून ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली, आणि ती लहानमोठ्या सगळ्यांना सारखीच लागू आहे. मीठ मात्र दोन्हीकडे भरपूर. स्वस्त घेतलं म्हणून अंगाला कमी लागत नाही आणि महाग घेतलं म्हणूनही नाही, हे मला तिथे उभं राहून स्वच्छ दिसलं.

आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. आता पाकिटावर एमआरपीच्या जोडीला ग्रॅममागे पडणारी किंमतही छापलेली असते. बारीक असते, शोधावी लागते, पण असते. ती वाचायला लागल्यावर कळलं की मोठं पाकीट स्वस्तच पडेल असं मुळीच नाही. कित्येकदा टपरीवर माळेने टांगलेलं दहा रुपयांचं पाकीट, त्याच कंपनीच्या कुटुंबासाठी म्हणून काढलेल्या मोठ्या पाकिटापेक्षा ग्रॅममागे स्वस्त निघतं, कारण दहाच्या नोटेवर सगळ्यांची चढाओढ असते. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून फरसाण, भुजिया, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. तेव्हा काही पाकिटांची किंमत उतरली, तर पाच-दहा रुपयांच्या काही पाकिटांत किंमत तीच राहून आतलं वजन वाढलं. हे ज्याच्या-त्याच्या हातातल्या पाकिटावर लिहिलेलं असतं. बाईमाणूस पाकीट उलटं करून वाचत उभी राहिली की मागून ट्रॉलीवाले चुळबुळ करतात, पण वाचावं. तिथे घातलेला वेळ मला कधीच वाया गेलेला वाटत नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा सासूबाईंकडे होती. त्यांचं माहेर सांगलीचं. फरसाण-भडंगाच्या बाबतीत त्यांच्या जिभेपुढे कुणाचं काही चालत नाही आणि त्या जिभेइतकाच मला त्यांच्या बोटांवर विश्वास आहे. दुकानाच्या ब्रँडची शेव त्यांनी आधी खाल्लीच नाही. वर्तमानपत्राचा पांढरा कडेचा तुकडा फाडून घेतला, त्यावर चिमूटभर शेव पसरली आणि चहा होईपर्यंत तशीच राहू दिली. मग शेव वाटीत काढून कागद उजेडाकडे धरला. तेलाचे डाग पडले होते, पण फिकट. "तेल निथळलंय बरं," त्या म्हणाल्या. मग दोन काड्या अंगठ्याखाली चुरल्या. पीठ भुसभुशीत आहे की खुसखुशीत, ते त्यांना तिथेच कळतं. मग वास. जुन्या तेलाचा वास शेवेत लपत नाही, ओवा कितीही घाला. आणि मग कुठे तोंडात. "ओवा नाही, ओव्याचा वास आहे. पण वाईट नाही. मिसळीवर चालेल." हा त्यांचा निकाल, आणि आमच्या घरात तो शेवटचा. पुढे ती शेव मिसळीवर, शेवपुरीवर, कांद्यापोह्यावर बिनतक्रार चालली आणि कुणालाही फरक जाणवला नाही.

सगळ्यांचं असं झालं नाही. खारे शेंगदाणे उत्तम निघाले, टपोरे, सारखे भाजलेले, नावाजलेल्या पाकिटाहून मला तरी सरस वाटले. शेंगदाण्यात लपवायला जागाच नसते, दाणा चांगला तर सगळं चांगलं. ग्लुकोज बिस्कीट चहात बुडवल्यावर फार लवकर तुटलं. मुलीने दोन बिस्किटं कपातून चमच्याने काढून खाल्ली आणि पुडा माझ्याकडे सरकवला. मारी बिस्कीट बरं होतं, पण सासूबाईंनी त्याला हात लावला नाही. त्यांची मारी सकाळच्या गोळीबरोबरची आहे, गेली कित्येक वर्षं तीच, तिच्यात बदल नको असं त्यांनी एकाच वाक्यात सांगितलं आणि मी पुन्हा विषय काढला नाही. चकली साफ फसली. दिसायला गोल, काटेरी, एकसारखी, पण चावल्यावर आत पोकळ, भाजणीचा खमंगपणा नावालाही नाही. भडंग म्हणून जे होतं त्यात साधे पातळ कुरमुरे होते. भडंगाला लागणारे जाड कुरमुरे नाहीत, ठेचलेल्या लसणाचा पत्ता नाही. सासूबाईंनी पाकीट बंद करून ठेवलं आणि त्याच आठवड्यात सांगलीहून येणाऱ्या भाच्याला फोन करून कुरमुरे मागवले. बटाटा वेफर्स मात्र चांगले होते. थोडे जाड, मीठ जरा बेताचं, फुटलेले कमी. मुलगा ते आवडीने खायचा. एकटा असताना, अभ्यासाच्या टेबलावर, पाकिटातूनच खायचा. म्हणून तर ते मुठीएवढं पाकीट मला कळेना. न आवडणारी वस्तू लपवणं मी समजू शकते. आवडणारी वस्तू लपवायची वेळ येते, तेव्हा ते जास्त लागतं.

माझं माहेर नौपाड्यातलं. तिथल्या आमच्या जुन्या इमारतीत ग्राहक पंचायतीचा संघ होता. १९७५ साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत ठाण्यातल्या कितीतरी मराठी घरांना ठाऊक आहे. ज्यांनी ते वाटप पाहिलं आहे त्यांना नुसतं 'वाटप' म्हटलं तरी तो दिवस आठवेल. बायका महिन्याआधी मागणीपत्रकं भरायच्या, पैसे गोळा व्हायचे, ठरलेल्या दिवशी टेम्पो यायचा आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये सामान उतरायचं. आमच्याकडे पाळी असली की आई पहाटेच सतरंजी गुंडाळून ठेवायची. दुपारपर्यंत हॉलभर पोहे, रवा, साबुदाणा, साबण, उदबत्ती आणि त्या सगळ्यांचा मिळून एक वास, जो मला आजही कुठल्याही दुकानात सापडत नाही. नाव बघून घेतलेलं त्यात फारसं काही नसायचं. साधी पाकिटं, साधे कागद. पण आई आणि तिच्या मैत्रिणी त्या साध्या पाकिटांवरून जो हात फिरवायच्या त्यात कौतुक असायचं. कुठला पोहा चांगला, या खेपेची डाळ शिजायला कशी आहे, कुणाचा साबण बंद करायचा, हे त्या आपसात बोलून ठरवायच्या आणि वर कळवायच्या. नाव नसलेली ती पाकिटं त्यांची स्वतःची होती. त्या ती पाकिटं भर दुपारी कडेवर घेऊन चार जिने चढायच्या, कुणी बघेल म्हणून कधी पदराआड धरली नाहीत.

त्याच घरात दुसरी एक गोष्टही होती. मांडणीवर वरच्या फळीला पाहुण्यांचा डबा होता. त्यात गोखले रोडवरच्या दुकानातलं चांगलं फरसाण, क्रीमची बिस्किटं. खालच्या फळीवर घरच्यांचा डबा, त्यात बेकरीतले टोस्ट आणि घरचा चिवडा. आणि आई या दोन्ही डब्यांतलं खायची नाही. ती खायची ते डब्याच्या तळाशी उरलेलं. चिवड्याचा चुरा, तुटलेले टोस्ट, सादळलेली शेव तव्यावर पुन्हा परतून. आम्ही विचारलं तर म्हणायची, मला हेच आवडतं. आम्ही कितीतरी वर्षं ते खरं मानलं. वहीतल्या खाऊच्या रकान्यात जी बचत दिसायची ती सगळ्या घराची म्हणून मांडलेली असायची, पण ती एकट्या आईच्या बशीतून निघालेली होती.

माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींच्या घरी आजही असंच चाललेलं मी बघते. ऑफिसात डबे उघडले की दिसतं. मुलांच्या डब्यात नावाचं ग्रॅनोला बार, नवऱ्याच्या डब्यात बदाम, आणि स्वतःच्या डब्यात काल उरलेली पोळी. काटकसर करायची ठरली की पहिली कात्री बाई स्वतःला लावते आणि ते कुणाला कळूही देत नाही. म्हणून दुकानाच्या ब्रँडची पाकिटं आणायला लागले तेव्हा एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती. जे आणीन ते सगळ्यांसाठी. वरची फळी, खालची फळी नाही. पाहुणे आले तरी तीच शेव, मी खाणार तीही तीच. कमी करायचं तर सगळ्यांच्या बशीत सारखं कमी होऊ दे. हे तत्त्व मला फार प्रिय आहे आणि म्हणूनच त्या ओल्या कचऱ्यातल्या घडीने मला इतकं अस्वस्थ केलं. माझ्या मुलाने न सांगता घरात पुन्हा दोन फळ्या केल्या होत्या, एक लोकांना दाखवायची आणि एक झाकायची.

या सगळ्यात जांभळी नाक्याचंही मनात येत राहतं. बाजारात शिरलं की तिथे आजही फरसाण किलोवर मिळतं. पत्र्याच्या उघड्या डब्यांत पापडी, गाठी, भावनगरी, तिखट शेव, लसूण शेव. वाण्याच्या पोराचा हात डब्यात जातो तो न बघताच बरोबर पाव किलो उचलतो. काही दुकानांच्या पिशवीवर दुकानाचं नाव छापलेलं असतं, काहींच्या पिशवीवर तेही नाही. आधी चव द्यायची, मग वजन करायचं, ही तिथली रीत. दुकानाचा स्वतःचा माल ही कल्पना काही सुपरमार्केटने आणली नाही, ती त्या बाजारात पिढ्यान् पिढ्या आहे. फक्त तिथे बनवणारा आणि विकणारा एकमेकांना ओळखतात, आणि घेणाऱ्याला दोघेही ठाऊक असतात. शेव कडक झाली तर पुढच्या वेळी तसं तोंडावर सांगता येतं. सुपरमार्केटमधल्या पाकिटाच्या मागच्या पत्त्यावर कढईपुढे कोण उभं असतं, त्याला दिवसाला काय मिळतं, दुकानाने भाव पाडून मागितला की त्याची झळ कुणाच्या घरात लागते, हे मला पाकीट उलटं करूनही वाचता येत नाही. माझ्या घरात वाचलेले पैसे कुठल्या तरी दुसऱ्या घरातून आलेले नसावेत असं मला मनापासून वाटतं. तरी हप्त्याची तारीख आली की मी तेच पाकीट ट्रॉलीत टाकते. ही दोन्ही खरी आहेत आणि त्यांचं अजून काही जमलेलं नाही.

मुलाशी बोलले ते एका शनिवारी, दोघं उपवनला फिरायला गेलो होतो तेव्हा. समोरासमोर बसून असं बोलणं त्याला जमत नाही, शेजारी चालताना जमतं. तळ्याच्या कडेने चालताना मी सरळच विचारलं, "त्या दिवशी पाकीट ओल्यात टाकलंस ना रे?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, ते 'हे कुठलं रे' म्हणतात." एवढंच. कोण म्हणतात, कधी म्हणतात, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. थोडं पुढे गेल्यावर त्याने आपण होऊन सांगितलं की वर्गात एकाच्या बुटांवरून असंच सुरू झालं होतं आणि तो मुलगा नंतर बरेच दिवस मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायचा. "ते वेफर्स मला आवडतात गं," तो म्हणाला. "पण त्यांना कशाला कळायला हवं?" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आपल्याला पैशांचा प्रॉब्लेम आहे का?"

त्याच्या मनात हा प्रश्न किती दिवस होता कोण जाणे.

मुलांना हप्त्याबद्दल सांगायचं नाही, ही आपल्या घरांतली जुनी रीत. आईवडिलांनी आम्हाला सांगितलं नाही, सासूसासऱ्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. मुलांनी अभ्यास करावा, पैशांचं आम्ही बघू. त्यामागे माया असते, हे मी जाणते. पण मुलांना खाऊच्या कप्प्यातला बदल दिसतो, आईबाबांची कुजबुज ऐकू येते, आणि मधली जागा ती स्वतःच्या भीतीने भरतात. त्याला वाटत होतं त्याच्या बाबांची नोकरी गेली आहे आणि आम्ही त्याच्यापासून दडवतो आहोत. वेफर्सच्या पाकिटावरून त्याने इथपर्यंत मजल मारली होती.

रात्री मी लाल वही जेवणाच्या टेबलावर उघडली. नवरा आधी थोडा अवघडला, मग खुर्ची ओढून बसला. मुलगीही आली, सासूबाई जपमाळ घेऊन आल्या. पगार किती, हप्ता किती, तो आपणच का वाढवला, किती वर्षांत संपेल, फी किती, औषधं किती, आणि खाऊ किती. आकडे ऐकताना मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मला दिसत होता. आकडे काही लहान नव्हते. पण ते आकडे होते, त्यांना शेवट होता, आणि नोकरी जागेवर होती. मुलगी म्हणाली, मग माझं बिस्कीट तेवढं जुनं आणा, बाकी काही आणा. सासूबाई म्हणाल्या, चकलीला पैसे घालू नका, भाजणी मी करून देते, सोऱ्या फिरवायला मात्र कुणीतरी बसा. नवऱ्याने स्वतःची ऑफिसला जातानाची टपरीवरची पाकिटं वहीत कधीच येत नाहीत हे आपण होऊन सांगितलं, आणि ती लिहायला मुलीने नवीन रकाना आखला. मुलाने मोबाइलवर ग्रॅममागचे भाव लावून बघितले आणि म्हणाला की मित्र येणार असतील तेव्हा दहा-दहाची नावाची पाकिटं आणू, ती मोठ्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतात. मी त्याला म्हटलं, तुला तसं हवं असेल तर आणू, पण बाऊलमध्ये ओतून नेलंस तर तुझ्या मित्रांना चवीतला फरक कळेल का, ते मला बघायचं आहे. तो हसला. काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं. त्या वयात मित्रांपुढे उभं राहणं किती अवघड असतं हे मी विसरलेले नाही, आणि माझ्या तत्त्वासाठी त्याने वर्गात एकटं बसावं असं मला मुळीच वाटत नाही.

आता महिन्याच्या यादीतला खाऊचा भाग मुलगा लिहितो. शेव, शेंगदाणे आणि वेफर्स दुकानाच्या ब्रँडचे. मारी आजीची, तिला हात लावायचा नाही. ग्लुकोज नेहमीचंच, चहात टिकणारं. चकली घरची. पापडी आणि गाठी जांभळी नाक्यावरून किलोवर, कारण भाव विचारून आल्यावर त्यालाच कळलं की पाकिटापेक्षा सुटं तिथे स्वस्त मिळतं आणि ताजंही. मला त्याचा जास्तच आनंद झाला. खारीवर मात्र एकमत झालेलं नाही. सुपरमार्केटची खारी स्वस्त आहे पण पदर सुटत नाहीत, नाक्यावरच्या बेकरीची खारी हातात घेतली की भुगा होतो इतकी हलकी आहे आणि महाग आहे. सासूबाई बेकरीच्या बाजूने, नवरा सुपरमार्केटच्या. मुलाने यादीत खारीपुढे जागा कोरी ठेवली आहे आणि रविवारी दोन्ही आणून बघू म्हणतो.